हेड गॅस्केट बदललं तरी गाडी पुन्हा गरम होते : हेड परत उतरवण्याआधी काय तपासाल

हेड गॅस्केट (इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) नवं, हेड प्लेन करून आणलेलं, वॉटर पंपही बदललेला. दोन दिवस गाडी छान चालते. तिसऱ्या दिवशी चढावर टेंपरेचरचा काटा अचानक वर जातो, कडेला थांबेपर्यंत खाली येतो, आणि मालकाच्या मनात शंका घर करते की काम नीट झालंच नाही. मग हेड पुन्हा उतरवायची भाषा सुरू होते.

त्याआधी जरा थांबा. दुरुस्तीनंतर गरम होऊन परत आलेल्या बऱ्याच गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी गाड्यांची जोडणी निर्दोष होती, कुलंट (इंजिन गार ठेवणारं द्रावण) भरताना मात्र घाई झाली होती. एक डिझेल गाडी माझ्या कायमची लक्षात राहिली आहे. तिचं हेड मी दुसऱ्यांदा उतरवलं. गॅस्केट नव्यासारखं निघालं, हेडची सपाटी पुन्हा मोजली तर तीही बरोबर. परत जोडून कुलंट भरायला गेलो तेव्हा शेल्फवर पहिल्या वेळचा पाच लिटरचा कॅन दिसला, तळाशी थोडं कुलंट शिल्लक असलेला. गाडीची क्षमता सात लिटर. पहिल्या कामाच्या वेळी ब्लॉक पूर्ण कोरडा केलेला होता, म्हणजे दोन लिटरहून जास्त हवा घेऊन ती गाडी माझ्याकडून बाहेर पडली होती. तोंडापर्यंत कुलंट दिसलं म्हणून मी झाकण लावलं होतं, किती आत गेलं ते मोजलं नव्हतं. एका चांगल्या इंजिनाला त्या चुकीपायी दुसऱ्यांदा उघडावं लागलं.

तेव्हापासून मी लिटरचा हिशेब लिहून ठेवतो. काम सुरू करताना किती निघालं, मॅन्युअलमध्ये क्षमता किती दिली आहे आणि शेवटी किती आत गेलं, हे तीन आकडे कागदावर असले की अर्धं निदान तिथेच होतं.

आत हवा राहिली की नक्की काय होतं

वॉटर पंपाचा पंखा द्रव ढकलण्यासाठी घडवलेला असतो. त्याच्या पोटात हवा आली की तो नुसता फिरत राहतो, कुलंट पुढे सरकत नाही. हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाऊन बसते. ती जागा बहुतेक इंजिनांत हेडमध्ये, थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरात किंवा हीटरच्या पाइपांत असते. हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्वच्या आसपासचा धातू सर्वांत जास्त तापतो. तिथे द्रवाऐवजी वाफ आली की उष्णता वाहून न्यायला काहीच उरत नाही. नवं गॅस्केट अशानेच जळतं, म्हणजे हवेकडे दुर्लक्ष केलं तर मूळ रोग खरोखर परत येतो.

काट्यावर या काळात फार विसंबू नका. टेंपरेचरचा सेन्सर द्रवात बुडालेला असला तरच खरं सांगतो. तो हवेत असेल तर इंजिन उकळत असतानाही काटा मधोमध राहू शकतो, आणि वाफेचा झोत त्याच्यावर आला की एकदम लालमध्ये उडी मारतो. काटा सावकाश चढत गेला तर मी फॅन, रेडिएटर, थर्मोस्टॅट यांच्याकडे बघतो. काटा उड्या मारत असेल, डॅशबोर्डच्या मागे खळखळ ऐकू येत असेल, रिकाम्या फेऱ्यांवर (आयडलिंगला) हीटर गार हवा देत असेल आणि रेस केल्यावर गरम, तर पहिला संशय हवेचा. या लक्षणांत हीटर सर्वांत प्रामाणिक. इंजिन तापलेलं असताना हीटर गार असेल तर त्याच्या नळ्यांतून कुलंट फिरत नाही, हे जवळजवळ नक्की समजा. अर्थात त्या नळ्या गाळाने चोंदलेल्या नसतील तर.

भरण्याआधीची परीक्षा

गळतीची ही परीक्षा साध्या पाण्यावर उरकून घ्या, कुलंट नंतर. इंजिन उघडलं होतं म्हणजे आत गॅस्केटचे तुकडे, सीलंटचे कण, कधी तेलाची साय राहिलेली असते, त्यामुळे फ्लश करावंच लागतं. त्याच पाण्यावर दाबाची परीक्षा घेतली तर गळती सापडल्यावर वाया जातं ते पाणी. सीलंटबद्दल एक कळकळीची विनंती : वॉटर पंपाच्या किंवा थर्मोस्टॅटच्या तोंडाला ते हात सैल सोडून फासू नका. आतल्या बाजूला आलेली कड सुटते आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. कुलंटमध्ये तेल मिसळलेलं असेल तर नुसत्या पाण्याने ते जात नाही, त्यासाठी मिळणारं फ्लशिंगचं द्रावण वापरा, आणि फुगून मऊ पडलेले रबरी पाइप बदला.

दाबाची परीक्षा थंड इंजिनावरच घ्यायची. इंजिन कोमट असेल तर निवताना दाब आपोआप उतरतो आणि नसलेली गळती दिसते. हातपंपाचा टेस्टर रेडिएटरच्या किंवा कुलंटच्या टाकीच्या तोंडावर बसवा आणि झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्या. बऱ्याच गाड्यांत तो ०.९ ते १.१ बारच्या आसपास असतो, पण आपल्या झाकणावरचा आकडाच खरा धरा. त्याहून जास्त दाब दिला तर हीटरची किंवा रेडिएटरची चांगली जोड आपणच फोडतो. काटा दहा-पंधरा मिनिटं जागेवर राहिला पाहिजे.

उतरला तर आधी कान लावा, मग टॉर्च. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की कुलंट तिथून पाझरतं. थेंब पडून वाळले असतील तर पांढरट किंवा कुलंटच्या रंगाचा डाग दिसतो. हीटर गळत असेल तर पायाखालचा गालिचा ओला, काचेवर चिकट धुकं आणि गाडीत गोडसर वास. पाइपांचं रबर थंडीत आकसतं आणि क्लिपची पकड सैल पडते, म्हणून काही गळती फक्त पहाटे दिसते आणि इंजिन तापलं की बंद होते. दुपारी तपासून काही सापडलं नाही तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी सुरू न करता पुन्हा दाब द्या. या एका सवयीने माझी कितीतरी "न सापडणारी" गळती सापडली आहे.

बाहेर थेंब नाही पण दाब उतरतो आहे, असं झालं तर पाणी सिलिंडरमध्ये जात असण्याची शक्यता आहे. पेट्रोल इंजिनाचे प्लग काढून बघा. एखादाच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, किंवा कॅमेऱ्यातून एका पिस्टनचा माथा बाकीच्यांपेक्षा चकचकीत दिसला, तर वाफेने तो धुतला आहे. अशा वेळी प्लग न काढता स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये साठलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

झाकण आणि ती बारीक नळी

इतकं मोठं काम करून लोक जुनंच झाकण परत लावतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. पाणी आणि कुलंट निम्मं-निम्मं घेतलं तर उघड्यावर ते मिश्रण साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळतं. सुमारे १ बार दाबाखाली तेच १२५ अंशांच्या पुढे जातं. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली की मधली सगळी सवलत जाते. पाणी उकळतं, जादा कुलंटच्या बाटलीत उडतं, आणि दोष गॅस्केटवर येतो. झाकणही त्याच टेस्टरवर बसवून तपासता येतं. छापलेल्या दाबाच्या जवळपास ते उघडलं पाहिजे, त्याखाली दाब धरून राहिलं पाहिजे.

झाकणाचं दुसरं काम इंजिन निवल्यावर सुरू होतं. तापताना बाटलीत गेलेलं कुलंट निवताना परत ओढून घ्यायचं, त्यासाठी मधोमध एक छोटा व्हॉल्व असतो. तो अडकला की सकाळी वरचा पाइप चपटा झालेला दिसतो. आणि रेडिएटरपासून बाटलीपर्यंत जाणारी बारीक नळी? ती तडकलेली असेल किंवा बाटलीत तळापर्यंत पोचत नसेल, तर निवताना कुलंटऐवजी हवा ओढली जाते. मग बाटली खुणेपर्यंत भरलेली आणि रेडिएटर रिकामा. मालक रोज बाटलीकडे बघतो आणि निश्चिंत राहतो. म्हणून ज्या गाडीत रेडिएटरला वेगळं झाकण आहे, तिथे दुरुस्तीनंतरचे काही दिवस इंजिन पूर्ण थंड असताना ते झाकण उघडून आतली पातळी बघा. थंड असतानाच. गरम झाकण उघडलं की दाब सुटतो, आतलं कुलंट क्षणात उकळून बाहेर फेकलं जातं, आणि चेहरा-हात भाजतात. वरचा पाइप हाताने दाबून मऊ लागला तरच झाकणाला हात लावा.

आता भरणं

फ्लश केल्यावर ब्लॉकमध्ये काही पाणी शिल्लक राहतं, ब्लॉकचा ड्रेन प्लग उघडला तरी. तिथे आधीच मिसळलेलं तयार कुलंट ओतलं की मिश्रण पातळ होतं. म्हणून फ्लशनंतर मी न मिसळलेलं कुलंट घेतो आणि क्षमतेच्या निम्मं आधी ओततो. सात लिटरच्या गाडीत साडेतीन लिटर शुद्ध कुलंट, मग तोंडापर्यंत डिमिनरलाइज्ड पाणी. गाडी चालवून मिसळल्यावर रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रणाचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर) एक थेंब ठेवून खात्री करतो. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या जवळ येतो. थंडी पडत नसली तरी प्रमाण महत्त्वाचं, कारण गंज थांबवणारी द्रव्यं कुलंटमध्येच असतात. "नुसतंच कुलंट ओता, जास्त चांगलं" हाही गैरसमज आहे. पाण्याइतकी उष्णता ग्लायकॉल (कुलंटमधला मुख्य घटक) वाहून नेत नाही, शुद्ध कुलंटवर इंजिन उलट जास्त तापतं. रंग बघून जात ओळखू नका, रंग कंपनीगणिक बदलतो. मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकार डब्यावर छापलेला आहे ना, एवढंच बघा. सांडलेलं लगेच धुऊन टाका. ते चवीला गोड आणि जिवावर बेतणारं विष आहे, मुलं आणि जनावरं त्याकडे ओढली जातात.

गाडीचं नाक उंच करा, म्हणजे भरायचं तोंड सर्वांत वर येईल आणि हवा तिकडे चालत येईल. जॅकवर सोडू नका, स्टँड लावा. हीटरचा खटका पूर्ण गरमवर. थर्मोस्टॅटच्या घरावर, वरच्या पाइपावर किंवा हीटरच्या पाइपावर हवा काढायचे स्क्रू असतील तर ते ढिले करा. ते पितळी किंवा प्लॅस्टिकचे आणि नाजूक असतात, जोर लावला तर तुटतात. नवा थर्मोस्टॅट बसवला असेल तर त्यावरची हलती पिन वरच्या बाजूला आहे का, हे जोडतानाच बघायला हवं होतं. ती पिन हवेसाठीच ठेवलेली असते, खाली बसली तर हवा तिच्या वर अडकते.

मग ओता, बारीक धारेने. भराभर ओतलं की उतरणारं कुलंट वर येणाऱ्या हवेचा रस्ता बंद करतं. मध्येमध्ये थांबून वरचा आणि खालचा पाइप हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील. स्क्रूंमधून हवा न मिसळलेली सलग धार आली की खालचा स्क्रू आधी बंद करा, वरचा शेवटी. तोंडावर घट्ट बसणारा उंच फनेल मिळाला तर अवश्य वापरा. त्यातली पातळी इंजिनापेक्षा उंच राहते आणि हवेला बाहेर पडायला जागा मिळते.

आता इंजिन सुरू करा आणि रिकाम्या फेऱ्यांवर तापू द्या. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांवर उघडायला लागतो. तोपर्यंत रेडिएटरकडचा पाइप गारच राहील, घाबरू नका. उघडल्यावर तो पाइप थोड्या वेळात चटका बसण्याइतका तापतो, फनेलमधली पातळी एकदम खाली जाते, आणि मोठा बुडबुडा वर येतो. हा क्षण चुकवायचा नाही, कुलंट हातात तयार ठेवा. त्यानंतर काही मिनिटं १५०० ते २००० फेऱ्यांवर धरून पुन्हा सोडा. फॅन स्वतःहून लागून बंद होणं असं किमान दोनदा होऊ द्या. या सगळ्या वेळात हात फॅनपासून लांब, कारण विजेचा फॅन इंजिन बंद केल्यावरही लागू शकतो. हीटर सतत गरम हवा देतो आहे ना, हे बघून झाकण लावा आणि गाडी पूर्ण निवू द्या.

निवल्यावर जे काही वर भरावं लागेल तेही हिशेबात घ्या. एकूण आकडा क्षमतेच्या जवळ आला पाहिजे. ब्लॉकमध्ये फ्लशचं पाणी राहिलं असेल तर तेवढा फरक पडेल, पण कोरड्या केलेल्या इंजिनात लिटर-दीड लिटर कमी गेलं असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका. मोजलेला आकडा डोळ्यांना दिसणाऱ्या पातळीपेक्षा खरा असतो.

ज्या गाड्यांत भरायचं तोंड इंजिनापेक्षा खाली आहे तिथे व्हॅक्यूमने भरण्याचं साधन फार उपयोगी पडतं. रिकाम्या सिस्टीममधून हवा खेचून घ्यायची, काटा काही मिनिटं स्थिर राहतो का ते बघायचं, मग व्हॉल्व उघडून कुलंट आत ओढू द्यायचं. पाइप चपटे होतात, ते ठीक आहे. गळतीची परीक्षा आणि भरणं एकाच वेळी होतं. विजेवर चालणारा वॉटर पंप असलेल्या गाड्यांत मात्र पंप चालू करून हवा काढण्याची मॅन्युअलमध्ये दिलेली पद्धतच पाळावी लागते, वरची हातची रीत तिथे पुरत नाही.

एवढं करूनही तापते, तर

आता गॅस्केटवर संशय घ्या, पण पुराव्यासकट. रात्रभर उभ्या गाडीचं झाकण काढून परत लावा, इंजिन सुरू करा आणि वरच्या पाइपावर हात ठेवा. कुलंट तापून फुगण्याआधीच, एक-दोन मिनिटांत पाइप टणक झाला तर ज्वलनाचा वायू आत शिरतो आहे. पक्क्या खात्रीसाठी निळ्या द्रावाची परीक्षा आहे. टाकीच्या तोंडावरची हवा त्या द्रावातून ओढायची, कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. त्यासाठी पातळी आधी थोडी उतरवून ठेवा, टेस्टरमध्ये कुलंट ओढलं गेलं तर द्राव बिघडतो. डिझेलच्या धुरात रिकाम्या फेऱ्यांवर हा वायू कमी असतो, तिथे इंजिनवर भार देऊन जास्त वेळ तपासा. इंजिन तापलं तरी द्राव निळाच राहिला तर हेडला हात लावू नका, पुढचं बघा.

पुढचं म्हणजे बहुतेक वेळा साध्या गोष्टी. फॅनची तार जोडताना उलटली आणि फॅन उलटा फिरतो, असं दुरुस्तीनंतर खरोखर घडतं. फॅन रेडिएटरच्या मागे असेल तर पुढच्या जाळीवर धरलेला कागद चिकटला पाहिजे. फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण परत बसवलं आहे ना? त्याच्याशिवाय फॅन बाजूची हवा ओढतो. थर्मोस्टॅट संशयास्पद वाटला तर दोऱ्याने भांड्यातल्या पाण्यात टांगा, थर्मामीटर तळाला टेकू न देता पाणी तापवा. छापलेल्या तापमानाला तो उघडायला लागला पाहिजे, आणि त्याच्या पुढे दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा सल्ला कृपा करून मानू नका. अनेक इंजिनांत तोच बायपासची (रेडिएटर टाळून परत इंजिनात जाणारी) वाट बंद करतो. तो नसला की काही गरम कुलंट रेडिएटरमध्ये न जाता परत इंजिनात फिरतं, आणि नेमकं चढावर गाडी जास्त तापते.

रेडिएटर चोंदला असेल तर तापलेल्या रेडिएटरवर गार पट्टे सापडतात. लांबून तापमान मोजणारं यंत्र चकचकीत धातूवर कमी आकडा दाखवतं, तिथे काळी टेप चिकटवून मोजा. आणि तापत नाही पण पातळी हळूहळू उतरते, बाहेर थेंब नाही, धूर पांढरा, अशी डिझेल गाडी असेल तर हेडच्या आधी ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर कुलंटने गार करणारा भाग) तपासा. तो आतून फुटला की कुलंट सरळ धुराबरोबर जातं.

पहिल्या दोन-तीन वेळा इंजिन तापून निवल्यावर पातळी थोडी खाली येते, उरलेली हवा निघत असते. टाकीवर मार्करने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, आणि रोज सकाळी सुरू करण्याआधी बघा. उतरली तर मोजून भरा आणि किती मिलिलिटर ते लिहा. आकडा रोज कमी होत शून्यावर आला की काम झालं. रोज तेवढाच राहिला तर सकाळच्या थंड इंजिनावर पुन्हा टेस्टर लावा.